‘हलके’ या शब्दाचे दोन अर्थ : भरून घेतलेली कॅसेट आणि मराठी उडत्या गाण्यांचे साधर्म्य

आवडीची गाणी निरनिराळ्या ध्वनिमुद्रिकांतून निवडून एका कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेणे, या व्यवहाराला मराठीत स्वतंत्र नाम कधी रूढ झाले नाही. ‘मिक्सटेप’ हा शब्द फार उशिरा आणि बऱ्याच अंशी इंग्रजी नियतकालिकांच्या वाचनातून आला. मराठीने त्यासाठी क्रियापद वापरले : कॅसेट ‘भरून घेणे’. 1980 ते 2000 या दोन दशकांत लहानमोठ्या शहरांतील कॅसेटच्या दुकानात कागदावर गाण्यांची यादी लिहून द्यावी, साठ किंवा नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट विकत घ्यावी आणि चार दिवसांनी ‘भरलेली’ कॅसेट घेऊन जावी, असा परिपाठ होता. ओटी भरणे, बरणी भरणे, बाजारहाट करून पिशवी भरणे या प्रयोगांशी या क्रियापदाचे नाते उघड आहे. भरण्याच्या कल्पनेत भांड्याचे माप गृहीत असते आणि काय ठेवायचे, काय वगळायचे याचा विवेकही गृहीत असतो. फिलिप्स कंपनीने 1963 साली बर्लिनच्या प्रदर्शनात प्रथम पुढे आणलेल्या या वस्तूचे माप पक्के होते. नव्वद मिनिटांच्या फितीची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. तीन-साडेतीन मिनिटांचे एक गाणे धरले तर बारा ते चौदा गाणी.

अशा संग्रहाकडे तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांनी पाहण्याचे कारण काय, असा प्रश्न येथे संभवतो. भारतीय काव्यशास्त्राने सुट्या रचनांच्या संग्रहाचा विचार फार पूर्वी केलेला आहे. दंडीने ‘काव्यादर्शा’त मुक्तक, कुलक, कोष आणि संघात असे पद्यप्रकार सांगितले आहेत. मुक्तक स्वयंपूर्ण असते. कोष हा अशा स्वयंपूर्ण रचनांचा साठा. मात्र साठा झाला की त्याला क्रम येतो आणि क्रम आला की शेजार येतो. जयवल्लभाच्या ‘वज्जालग्गा’त प्राकृत गाथा विषयवार ‘वज्जां’मध्ये लावलेल्या आहेत, विद्याकराच्या ‘सुभाषितरत्नकोशा’तही, सुमारे 1100 च्या आसपास, विषयवार विभागांचीच योजना दिसते. महाराष्ट्री प्राकृतातील हालाच्या ‘गाहासत्तसई’चे तसे नाही. तेथे विषय विखुरलेले आहेत. बांधून ठेवते ते गाथेचे वृत्त आणि ग्रामजीवनाचा एकच वास. संग्रहाची ही दोन तत्त्वे, विषयसाम्य आणि लयसाम्य, परस्परांहून भिन्न आहेत. भरून घेतलेल्या उडत्या गाण्यांच्या कॅसेटचे गोत्र निश्चितपणे दुसऱ्या तत्त्वाचे आहे. ‘पावसाची गाणी’ किंवा ‘आईची गाणी’ अशा कॅसेटी कंपन्या काढीत असत. त्या ‘वज्जालग्गा’च्या वळणाच्या. ‘याच धर्तीची आणखी दहा गाणी भरून द्या’ अशी मागणी करणाऱ्या ग्राहकाला विषयाशी कर्तव्य नव्हते.

‘याच धर्तीची’ म्हणजे कोणत्या धर्तीची? खरा पेच येथेच आहे. गाण्यांतील सारखेपणा ओळखायला ऐकणाऱ्याला क्षणही लागत नाही. तो कशात आहे हे सांगायला मात्र तो अडखळतो. विट्गेनश्टाइनने 1953 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात कुटुंबसाम्याची जी कल्पना मांडली, ती येथे सहज लागू पडते : एका कुटुंबातील माणसांपैकी कोणाचे नाक जुळते, कोणाची चालण्याची ढब जुळते, सर्वांत समान असे एकही लक्षण नसते, तरी कुटुंब ओळखू येते. मराठीने या ओळखीसाठी जे शब्द घडवले आहेत ते विलक्षण नेमके आहेत. ‘चाल’ म्हणजे गाण्याचा स्वरबंध आणि चाल म्हणजे चालण्याची रीतही. ‘ठेका’, ‘बाज’, ‘ढंग’, ‘ठसका’ हे शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत. ठेका तालवाद्याचा असतो, ठसका गळ्याचा असतो, ढंग गायकाचा किंवा प्रांताचा, तर बाज या सगळ्यांच्या मिश्रणातून जाणवणारा. ‘उडती चाल’ या प्रयोगात तर पायाचा जमिनीशी असलेला क्षणिक संबंध सूचित झालेला आहे. इंग्रजीत ज्याला ‘फील’ म्हणतात त्याला मराठीत एक शब्द नाही म्हणून हळहळण्याचे कारण नाही. एका ढोबळ शब्दाऐवजी चार काटेकोर शब्द हाताशी आहेत.

सारखेपणाची नोंद ठेवण्याची रीतही मराठीला नवी नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’पासून (1880) संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून कोणत्या तरी आधीच्या, लोकांच्या तोंडी असलेल्या गीताचा निर्देश केलेला असे. कीर्तनातील पदे, साक्या, दिंड्या, कानडी पदे, लावण्या अशा अनेक ठिकाणांहून या चाली घेतल्या जात. युरोपात रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या पोवाडेवजा पत्रकांवर ‘अमुक गाण्याच्या सुरावर’ अशी सूचना छापत, तोच हा प्रकार. आंबेडकरी जलशांनी लोकप्रिय चालींवर नवे शब्द बसवले तेव्हा हीच परंपरा वेगळ्या हेतूने पुढे गेली. नाटकाच्या पुस्तकातील ‘चाल’ ही नोंद आणि कॅसेटच्या वेष्टनावर बॉलपेनने लिहिलेली यादी यांत फरक आहे तो इतकाच की, पहिली नोंद सारखेपणाचे मूळ सांगते, तर दुसरी ते न सांगता केवळ शेजार घडवते.

उडत्या मराठी गाण्यांचे शारीर घटक तपासले तर पहिली गोष्ट ठेक्याची. आठ मात्रांचा केरवा आणि त्याच्याच अंगाने जाणारी धुमाळी यांवर लावणीचा आणि तमाशापटातील बहुतेक गाण्यांचा डोलारा उभा आहे. सहा मात्रांच्या दादऱ्याच्या अंगाची झुलती लय कोळीगीतांत सापडते. दोन्ही लयी चपळ असल्या तरी शरीरावर त्यांचा परिणाम वेगळा होतो. धुमाळीने टाच आपटली जाते, दादऱ्याने खांदा झुलतो. म्हणून जाणता निवड करणारा सलग चार गाणी धुमाळीची घेऊन मग एखादे कोळीगीत घालतो. उलटसुलट मिसळ केली तर कॅसेट अडखळते. दुसरी गोष्ट ध्रुवपदाची. तमाशात मुख्य गायकाची ओळ उचलून वरच्या पट्टीत लांबवणारे झीलकरी असतात. ‘झील ओढणे’ हा प्रकार म्हणजे गाणे श्रोत्याच्या कानात रुतवण्याची एक सिद्ध युक्ती होय, कारण तीत श्रोत्याला आपण केव्हा सामील व्हायचे हे कळते. तिसरी गोष्ट अनपेक्षिताची. केली याकुबोव्स्की आणि तिच्या सहकाऱ्यांचे, डोक्यात घोळत राहणाऱ्या गाण्यांविषयीचे संशोधन 2016 साली प्रसिद्ध झाले. अशा गाण्यांची लय तुलनेने जलद असते, सुरावटीचा एकूण आकार ओळखीचा असतो, पण कुठेतरी एखादी उडी अथवा पुनरावृत्ती नेहमीपेक्षा वेगळी असते, असे त्यात आढळले. इंग्रजी पॉप गाण्यांवरून काढलेला हा निष्कर्ष लावणीला जसाच्या तसा लावणे धाडसाचे ठरेल. पण ढोलकीच्या तोड्यानंतर क्षणभर थांबून शब्द ‘टाकण्याची’ जी पद्धत सुलोचना चव्हाणांच्या गायकीत दिसते, ती ओळखीच्या वाटेवरची अशीच एक उडी आहे, याबद्दल शंका घेता येत नाही.

रससिद्धान्त येथे कितपत उपयोगी पडतो? फारसा नाही. हास्यरसाची दोन गाणी शेजारी शेजारी ठेवली म्हणजे ती एका बाजाची होतात असे नाही, आणि भिन्न रसांची दोन गाणी ठेक्याच्या बळावर एकमेकांत मिसळून जातात. शाहीर साबळे यांनी गायलेले एकनाथांचे विंचवाचे भारूड हे याचे उत्तम उदाहरण. त्याचा अर्थ आध्यात्मिक, विंचू हा कामक्रोधाचा. त्याची मांडणी विनोदी. आणि त्याची लय निखळ नाचरी. उडत्या गाण्यांच्या कॅसेटमध्ये ते बिनदिक्कत बसते, भक्तिगीतांच्या कॅसेटमध्ये मात्र थोडे अवघडते. बाज हा आशयाचा गुण नसून प्रयोगाचा गुण आहे, हे यावरून ध्यानात यावे. संतांनी हे फार आधी ओळखले होते. भारूड ही रचनाच त्या ओळखीतून जन्मली.

आता ‘हलके’ या शब्दाकडे वळले पाहिजे, कारण वादाचे मूळ त्यातच आहे. मराठीत ‘हलकेफुलके’ हे प्रशंसेचे विशेषण आहे. ‘हलक्या दर्जाचे’ हे निंदेचे. वजनाने कमी आणि मोलाने कमी हे दोन अर्थ एकाच शब्दात नांदतात, आणि संस्कृतातील ‘लघु’ शब्दाची कथाही याहून वेगळी नाही. गाण्यांच्या बाबतीत या दोन अर्थांमधली सीमारेषा कोण आखतो, हा निव्वळ रुचीचा प्रश्न राहत नाही. दिल्लीत ती रेषा एकदा चक्क मंत्रालयातून आखली गेली. 1952 ते 1962 या काळात नभोवाणीमंत्री असलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभी आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली, आणि त्याच 1952 साली रेडिओ सिलोनवरून अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू होऊन देशभरचा श्रोता तिकडे वळला. अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजी आकाशवाणीला ‘विविध भारती’ सुरू करून माघार घ्यावी लागली. या काळात चित्रपटगीताला पर्याय म्हणून आकाशवाणीने ज्याला आश्रय दिला त्याचे अधिकृत नाव ‘सुगम संगीत’. नाव मोठ्या चातुर्याने योजलेले आहे : ‘हलके’ म्हणायचे नाही, तर ‘सुगम’ म्हणायचे. मराठी भावगीत या छत्राखाली बहरले आणि ते उत्तमही होते. पण त्याच छत्रामुळे लावणी, कोळीगीत आणि कलगीतुऱ्याच्या अंगाची गाणी ‘लोकसंगीत’ या वेगळ्या कप्प्यात गेली आणि दोहोंची गाठ पडणे दुर्मीळ झाले.

ही गाठ कॅसेटने घालून दिली. पीटर मॅन्युएल यांनी उत्तर भारतातील कॅसेट-संस्कृतीवरील 1993 च्या ग्रंथात दाखवून दिले आहे की, ध्वनिमुद्रणाचा खर्च उतरल्याबरोबर ग्रामोफोन कंपनीचा जवळजवळ एकछत्री असलेला अंमल मोडला आणि प्रादेशिक, जातीय, स्थानिक संगीताचे शेकडो छोटे उत्पादक उभे राहिले. त्यांच्या विवेचनाच्या केंद्रस्थानी असलेली टी-सिरीज ही कंपनी दिल्लीची. दर्यागंजात फळांच्या रसाचे दुकान चालवणाऱ्या घरातील गुलशन कुमार यांनी ती उभी केली आणि तिचा कारखाना यमुनेपलीकडे नोएडात होता. महाराष्ट्रात या लाटेवर प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते घरोघर गेली आणि 1980 नंतरच्या दशकात त्यांचे चिरंजीव आनंद शिंदे यांचे पोपटावरचे गाणे लग्नाच्या वरातींत आणि गणपतीच्या मांडवांत वाजू लागले. अभिरुचीचे राखणदार याला ‘हलके’ म्हणत होते. म्हणताना कोणता अर्थ त्यांच्या मनात होता हे सांगायला नको. तो अर्थ गाण्याविषयी कमी आणि गाणाऱ्यांच्या व ऐकणाऱ्यांच्या वस्तीविषयी अधिक बोलत होता.

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घराचा विचार करावा. महाराष्ट्रात उडते गाणे कानावर आपोआप पडते : एस.टी. स्थानकावर, जत्रेत, शेजारच्या हळदीला. दिल्लीत ते मुद्दाम आणावे लागते. दीर्घकाळ दिल्लीहून महाराष्ट्राला मराठी ऐकू जात असे ते बातम्यांच्या रूपाने, कारण राष्ट्रीय मराठी बातमीपत्र दिल्ली केंद्रावरून प्रसारित होई. आणि महाराष्ट्रातून दिल्लीला मराठी येई ती सुट्टीहून परतणाऱ्यांच्या सामानातील कॅसेटींच्या रूपाने, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. द्वारका हे याचे विशेष बोलके स्थळ आहे. दिल्ली विकास प्राधिकरणाने आधी पप्पनकलां या नावाने आखलेले हे उपनगर सहकारी गृहनिर्माण संस्थांनी वसले. शेजारी कोण असावा हे भाषेने नव्हे, तर बहुधा कार्यालयाने किंवा सोडतीने ठरवले. पहाडगंज, करोलबाग या जुन्या वस्त्यांत मराठी कुटुंबांना एकमेकांचा आवाज ऐकू येई. सेक्टरांच्या रचनेत तसे होत नाही. अशा ठिकाणी गणेशोत्सवाच्या संध्याकाळी संस्थेच्या पटांगणात जी पाऊण तासाची मराठी गाणी लागतात, ती बिगरमराठी शेजाऱ्यांसाठी मराठीचा जवळजवळ एकमेव परिचय असतो, आणि तेथेच वाढणाऱ्या मराठी मुलांसाठीही पुष्कळदा तोच. मुलाला भावगीत समजायला आधी भाषा यावी लागते. उडत्या गाण्यातून ती येते. निवड कोणी आणि कशाच्या आधारे केली यावर त्या मुलाला कोणती मराठी मिळणार हे ठरते.

उदाहरणादाखल अशी एक बाजू भरून पाहता येईल. मराठी गाण्याचे शीर्षक म्हणजे बहुधा त्याचा मुखडाच असल्याने येथे चित्रपट आणि कर्ते यांच्यावरून निर्देश करणे सोयीचे. आरंभ ‘देवबाप्पा’ (1953) मधील मोराला नाचायला बोलावणाऱ्या गाण्याने करावा : शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल पु. ल. देशपांड्यांची, आवाज आशा भोसले यांचा. त्यानंतर ‘सांगत्ये ऐका’ (1959) मधील, हरवलेल्या कर्णभूषणाची तक्रार सांगणारी प्रसिद्ध लावणी. तिचेही शब्द माडगूळकरांचे आणि आवाजही आशाबाईंचाच. संगीत वसंत पवार यांचे. एकच कवी, एकच कंठ, सहा वर्षांचे अंतर. तरीही पहिले गाणे बालवाडीत शिकवले जाते आणि दुसरे फडावरचे मानले जाते. दोन्ही लागोपाठ ऐकली की, खट्याळपणाचा धागा एकच आहे हे कानाला लगेच समजते. बाज शोधणाऱ्याला हे साम्य सापडते. कप्पे करणाऱ्याला सापडत नाही.

पुढे शान्ता शेळके यांनी लिहिलेली आणि हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केलेली कोळीगीते. त्यांतील डोलकराच्या गाण्यात लता मंगेशकरांच्या साथीला हेमंतकुमारांचा बंगाली वळणाचा खर्ज आहे. त्याने गाणे परके झाले नाही, उलट समुद्राचे वजन त्याला लाभले. मग दादा कोंडके. ‘सोंगाड्या’ (1971) ला संगीत राम कदमांचे. ‘पांडू हवालदार’ (1975) पासून राम-लक्ष्मण ही जोडी आली. कोंडक्यांच्या तोंडी पडद्यावर जो अस्सल देशी, गावरान गळा ऐकू येतो तो महेंद्र कपूर यांचा, म्हणजे अमृतसरला जन्मलेल्या पंजाबी गायकाचा. ‘बाज’ रक्तातून येतो असे मानणाऱ्यांनी या उदाहरणापाशी थोडे थांबायला हवे. आणि राम यांच्या निधनानंतर एकट्याने तेच जोडनाव चालवणारे लक्ष्मण, अर्थात विजय पाटील, यांनीच ‘मैंने प्यार किया’ (1989) ची गाणी केली. द्वारकेतील पंजाबी किंवा हरियाणवी शेजाऱ्याला ‘पांडू हवालदार’चे गाणे पहिल्यांदा ऐकताना ओळखीचे वाटले, तर त्यामागे असे एखादे कारण असू शकते. अजय-अतुल यांच्या बाबतीत हा प्रवास अधिक उघड आहे : ‘जत्रा’ (2006) मधील कोंबडीच्या गाण्याची चाल त्यांनीच ‘अग्निपथ’ (2012) मध्ये हिंदीत नेली, ‘सैराट’ (2016) मधील नाचाचे गाणे ‘धडक’ (2018) मध्ये गेले. दिल्लीत अनेकांनी आधी हिंदी रूप ऐकले आणि मूळ मराठी त्यांना अनुवाद वाटला. भाषांतराच्या अभ्यासकांना मूळ-अनुवाद संबंधाची ही उलटापालट परिचित आहे. येथे ती गल्लोगल्ली घडते.

या यादीत ‘गारवा’ (1998) किंवा ‘आयुष्यावर बोलू काही’ (2003 पासून) यांतील गाणी घ्यावीत काय? त्यांतील काही निश्चितच हलकीफुलकी आहेत. पण त्यांचा हलकेपणा संभाषणाचा आहे, पायाचा नाही. ती ऐकताना माणूस हसतो, उठून नाचत नाही. त्यांची वेगळी बाजू भरावी हे बरे. एकाच कॅसेटच्या दोन बाजू हा या माध्यमाने दिलेला एक दुर्लक्षित सोयीस्कर उपाय होता : दोन प्रकारचे हलकेपण एका वेष्टनात, पण एकमेकांच्या अंगावर न येता.

31 डिसेंबर 2005 रोजी मेट्रोची निळी मार्गिका द्वारकेपर्यंत पोहोचली. तेथून राजीव चौकापर्यंतचा प्रवास सुमारे पाऊण तासाचा, म्हणजे नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या बरोबर एका बाजूइतका. पण तोवर कॅसेटचा बाजार ओसरू लागला होता. तिची जागा प्रथम शंभरावर गाणी मावणाऱ्या एमपी-थ्री तबकड्यांनी आणि नंतर अमर्याद याद्यांनी घेतली. 2017 साली सारेगामाने ‘कारवां’ हे जुन्या रेडिओच्या रूपाचे, गाणी आधीच भरलेले यंत्र काढले. त्याची मराठी आवृत्तीही आली. भरण्याचे काम पुन्हा कंपनीकडे गेले आणि विभागणी पुन्हा कलावंत व भाववृत्ती अशा ‘वज्जां’ची झाली. मोबाइलवरील सेवा ‘अशीच आणखी’ गाणी आपण होऊन सुचवतात. त्या सुचवणीमागे मुख्यत्वे दोन गोष्टी असतात : हे गाणे ऐकणाऱ्या इतरांनी आणखी काय ऐकले, आणि ध्वनीची मोजता येणारी लक्षणे. पहिल्या आधाराने शिंद्यांचे श्रोते शिंद्यांपाशी आणि भावगीतांचे श्रोते भावगीतांपाशी राहतात. केसकरांच्या काळातील कप्पे कोणत्याही मंत्र्यावाचून पुन्हा उभे राहतात. दुसरा आधार ठेका मोजू शकतो. ठसका त्याला कितपत मोजता येईल याविषयी साशंक राहणेच योग्य.

फेब्रुवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेल्या 98 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी लोकसंस्कृतीच्या अभ्यासक तारा भवाळकर होत्या. दिल्लीतील आधीचे संमेलन 1954 चे, अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. दोन अध्यक्षांच्या अभ्यासविषयांतील अंतर लक्षात घेतले तर जात्यावरच्या ओवीला आणि फडावरच्या लावणीला विद्वत्सभेत जागा मिळायला किती काळ जावा लागला हे दिसते. ध्वनिमुद्रित उडते गाणे त्या रांगेत अजून पुष्कळ मागे उभे आहे. त्याच्या अभ्यासाची साधने ग्रंथालयांत फारशी नाहीत. ती पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यांत, बुरशी धरू लागलेल्या फितींत आणि त्यांच्या वेष्टनांवरील हस्तलिखित याद्यांत आहेत. त्या याद्यांतील शेवटची ओळ विशेष तपासण्याजोगी असते. बाजू संपायला दोन-अडीच मिनिटे उरली की, तेवढ्यात मावेल असे गाणे शोधले जाई, आणि ते मिळाले नाही तर एखादे गाणे अर्ध्यावर तुटत असे. अशा कॅसेटवर वाढलेल्या कित्येकांना ते गाणे पुढे पूर्ण ऐकल्यावरही त्याच जागी थांबल्याचा भास होतो.